बायोप्सीचा तिसरा तुकडा कुठं जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक किडनी दिनाला तुमच्या पुरवणीत किडनीवर अख्खं पान आलं होतं. पाणी प्या, मीठ कमी करा, शुगर-बीपी तपासत रहा, पेनकिलर मनानं घेऊ नका, सगळं बरोबर आहे आणि दरवर्षी छापायलाच पाहिजे. पण त्या अख्ख्या पानात घराण्यातून येणाऱ्या किडनीच्या आजारांबद्दल एक ओळ नव्हती, जे आजार माणसानं खाण्यापिण्याचं कितीही सांभाळलं तरी यायचे ते येतातच. म्हणून हे पत्र, आणि थोडं लांबणार आहे, कापायचं असेल तर शेवटचं कापू नका एवढंच.

मी नाशिकमध्ये एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, रिपोर्टवर सही माझी नसते. पण आलेला तुकडा बाटलीतून काढायचा, प्रोसेस करायचा, मेणात ब्लॉक करायचा, दोन-तीन मायक्रॉनच्या पट्ट्या कापायच्या, स्टेन करायच्या आणि स्लाइड साहेबांच्या म्हणजे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची हे सगळं आमच्याच हातून होतं. त्यामुळे कुठल्या पेशंटचं काय आलं आणि काय आलंच नाही हे आम्हाला सगळ्यात आधी कळतं.

ज्यांच्या घरात कोणाची किडनी बायोप्सी झाली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेशंटला पालथं झोपवतात, सोनोग्राफीत बघून, जागा बधिर करून पाठीतून सुई घालतात आणि स्प्रिंगच्या गनने दोऱ्याएवढा बारीक, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा काढतात, असे साधारण दोन. बहुतेक ठिकाणी रात्रभर ठेवून घेतात, लघवीत रक्त येतंय का बघतात. त्यातला एक भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो, त्याच्या साध्या मायक्रोस्कोपच्या स्लाइड होतात. दुसरा भाग मिशेल्स मीडियम नाहीतर सलाईनमध्ये जातो, त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स म्हणजे चमकणाऱ्या रंगाची तपासणी करतात, आयजीए, आयजीजी, सी-थ्री वगैरे इम्युनिटीची प्रथिनं कुठं चिकटलीयत का ते बघायला. आणि तिसरा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा कण, ग्लुटराल्डिहाइडच्या छोट्या बाटलीत जायला पाहिजे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. पाहिजे म्हणतोय, कारण आमच्याकडे येणाऱ्या खोक्यात तिसरी बाटली क्वचितच असते. कधी खर्च नको म्हणून, कधी बाटलीच नव्हती म्हणून, कधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही म्हणून.

बऱ्याच आजारांत तिसऱ्या बाटलीवाचून अडत नाही हेही खरं आहे. शुगरमुळे खराब झालेली किडनी, आयजीए नेफ्रोपॅथी, ल्युपस, यांचं निदान पहिल्या दोन भागांवर बऱ्यापैकी होतं. घराण्यातल्या आजारांमध्येही सगळ्यात जास्त दिसणारा तो गाठींचा म्हणजे पॉलिसिस्टिक किडनीचा आजार, त्याला तर बायोप्सीच लागत नाही, सोनोग्राफीत दिसतो आणि आईवडिलांपैकी एकाला असला की डॉक्टर लगेच ओळखतात. माझा मुद्दा आहे तो अल्पोर्टसारख्या आजारांचा.

सेसिल अल्पोर्ट नावाच्या डॉक्टरनं १९२७ मध्ये एका ब्रिटिश कुटुंबाबद्दल लिहिलं होतं, लघवीत रक्त, त्यातच कमी ऐकू येणं, आणि घरातली पुरुष मंडळी तरुणपणीच जायची. पुढं १९९० मध्ये त्याचा मुख्य जीन सापडला, सीओएल४ए५, तो एक्स क्रोमोसोमवर असतो. आणखी दोन आहेत, सीओएल४ए३ आणि सीओएल४ए४. तिन्ही मिळून टाइप फोर कोलाजेन बनवतात आणि त्याच कोलाजेनचा पडदा किडनीच्या फिल्टरमध्ये असतो, कानाच्या आत असतो, डोळ्याच्या भिंगाभोवतीही असतो. म्हणून किडनी, कान आणि डोळे हे त्रांगडं एकत्र.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. हा फिल्टरचा पडदा मोठ्या माणसात ३०० ते ४०० नॅनोमीटर जाड असतो आणि साध्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसतच नाही. मग त्या पडद्याच्या आत काय चिरफाड झालीय ते साहेबांना कितीही अनुभव असला तरी कसं दिसणार? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र स्पष्ट दिसतं, सुरुवातीला पडदा नुसताच पातळ, पुढं कुठं जाड कुठं पातळ, आणि मग त्याचे पदर सुटून एकमेकांत गुंतलेले, बुरुडानं विणलेल्या टोपलीसारखे. पुस्तकातही त्याला तसंच नाव आहे. इम्युनोफ्लुरोसन्सचं नेहमीचं पॅनल अल्पोर्टमध्ये जवळपास रिकामं येतं. नातेवाईक 'निगेटिव्ह' वाचून खूश होतात, पेढे वाटायचे बाकी ठेवतात, आणि तिथंच खरं तर शंका यायला पाहिजे की लघवीत रक्त आहे, प्रोटीन आहे, पोरगं वीसच्या आतलं आहे आणि काहीच चिकटलेलं नाही, मग हे आहे काय?

मग रिपोर्टमध्ये काय येतं, तर जे दिसतं ते. आजार पुढं सरकलेला असला की काही ग्लोमेरुलायमध्ये, म्हणजे किडनीच्या बारीक फिल्टरांमध्ये, व्रण पडलेले दिसतात आणि रिपोर्ट येतो 'एफएसजीएस', म्हणजे फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस. रिपोर्ट खोटा नसतो, व्रण आहेतच. पण एफएसजीएस हा एक पॅटर्न आहे, त्यामागचं कारण दहा प्रकारचं असू शकतं, आणि पेशंटच्या हातात तो आजाराचं नाव म्हणून पडतो. पुढं त्यावर स्टिरॉइड सुरू होतात, पोरगं फुगतं, चेहरा गोल होतो, शुगर वाढते, मग अजून जोरदार गोळ्या, आणि कोलाजेनच्या दोषावर त्यातलं काही चालत नाही कारण मुळात इथं इम्युनिटीचं भांडणच नाहीये. उलट रामिप्रिल, एनालाप्रिल अशा साध्या, स्वस्त बीपीच्या गोळ्या लघवीत प्रोटीन जायला लागल्यावर वेळेत सुरू केल्या तर किडनी फेल व्हायचं कित्येक वर्षं पुढं ढकलता येतं. मनानं मात्र कोणी सुरू करू नका, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघत बघत द्याव्या लागतात आणि गरोदरपणात तर चालतच नाहीत.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून गाव, वय, हॉस्पिटल काही लिहीत नाही. मुलाची बायोप्सी आली, दोनच बाटल्या. फॉर्मवर फॅमिली हिस्ट्रीच्या रकान्यात आडवी रेघ. रिपोर्ट गेला एफएसजीएसचा. बऱ्याच काळानं त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाचं, आईच्या बहिणीच्या मुलाचं, सॅम्पल आलं आणि या वेळी कोणीतरी जागरूक रेसिडेंट डॉक्टरनं फॉर्मवर लिहिलं होतं, मावसभाऊ डायलिसिसवर, मामा बहिरा, मामा किडनीनंच गेला. साहेबांनी फॉर्म वाचला आणि फोन करून तिसरा तुकडा मागवला, तो बाहेर पाठवला, आणि टोपली निघाली. पहिल्या मुलाला तोवर स्टिरॉइडचा पूर्ण कोर्स होऊन गेला होता. मामाचं बहिरेपण घरात सगळ्यांना माहीत होतं, ते किडनीच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे कोणाला माहीत असणार?

हा रकाना रिकामा का राहतो यावर मी बराच विचार केलाय. एक म्हणजे आपल्याकडे 'घरात कोणाला किडनीचा त्रास?' विचारलं की माणूस बापाकडचं सांगतो, चुलते, आजोबा, भाऊबंद. आजोळचं कोणी सांगत नाही. आणि एक्स क्रोमोसोमवरून येणारा अल्पोर्ट मुलाला आईकडून म्हणजे आजोळाकडूनच येतो, बापाकडून मुलाला येऊच शकत नाही, बापाला असला तर सगळ्या मुलींना जातो आणि एकाही मुलाला जात नाही. म्हणजे जिथं शोधायचं ते सोडून आपण दुसरीकडंच शोधतोय. दुसरं म्हणजे जुनी माणसं कशानं गेली ते नीट माहीत नसतं, 'अंगावर सूज आली आणि गेला', 'काविळीनं गेला' एवढंच. आणि तिसरं, जे कोणी उघड बोलत नाही, घरात लग्नाची मुलगी असते. आमच्याकडे असं काही नाही हो, असं म्हणताना आईची नजर खाली असते असं सिस्टर लोक सांगतात. मी त्या आईला दोष देणार नाही, मुलीचं लग्न मोडलेलं बघायची ताकद सगळ्यांत नसते. पण मग डॉक्टरनं एकट्यात विचारायला पाहिजे, ओपीडीत वीस माणसांसमोर नाही.

मामाची मुलगी करायची आपल्याकडची पद्धत आहे, तिच्यामुळे दोन्हीकडून दोष यावा लागतो असे आजारही जमून येतात, त्यात घरात आधी कोणालाच काही नसतं. म्हणजे हिस्ट्री 'नाही' आली म्हणून अनुवंशिक नाही असंही म्हणता येत नाही. लग्न नात्यात झालंय का हा प्रश्नसुद्धा फॉर्मवर पाहिजे.

आता सगळ्यात काळजीचा भाग. किडनी फेल झाली की घरातलं कोण देणार? आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त दिसतात, आई तर विचारायच्या आधीच शर्टाची बाही वर केल्यासारखी तयार असते. एक्स-लिंक्ड अल्पोर्टमध्ये तीच आई स्वतः तो जीन घेऊन असू शकते. बायकांना काही होत नाही, त्या नुसत्या कॅरिअर असतात, असं पूर्वी म्हणायचे, ते चुकीचं आहे. अशा बायकांच्या लघवीत बहुतेक वेळा सूक्ष्म रक्त असतंच, आणि युरोपातल्या मोठ्या अभ्यासात त्यांच्यातल्या साधारण १२ टक्के बायकांची किडनी चाळिशीपर्यंत निकामी झालेली आढळली, पुरुषांत हाच आकडा ९० टक्के. अशा आईची एक किडनी काढायची आणि तिला एकीवर ठेवायचं, हा निर्णय सगळं माहीत असताना, दुसरा कोणीच डोनर नसताना घेतला तर वेगळी गोष्ट. पण 'एफएसजीएस' एवढ्याच रिपोर्टवर घेतला तर तो आंधळा निर्णय झाला. अल्पोर्टच्या पेशंटसाठी चांगली गोष्ट ही की नवीन किडनीत तो आजार परत येत नाही. थोड्या पेशंटमध्ये, शंभरात तीन-पाच, नवीन किडनीच्या कोलाजेनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, म्हणून ट्रान्सप्लांटच्या टीमला नाव आधी माहीत असलेलं बरं.

याच्या उलट हायपरऑक्झलुरिया नावाचा घराण्यातला आजार. तिथं दोष लिव्हरच्या एन्झाइममध्ये असतो, ऑक्झलेट नावाचा क्षार तयार होत राहतो आणि नुसती किडनी बदलली तर नव्या किडनीतही तेच स्फटिक जमतात, आईनं दिलेली किडनी वाया. बायोप्सीत हे स्फटिक साध्या स्टेनवर फिकट असतात, नजरेतून निसटतात, पण पोलराइज्ड लाइट लावला की चमचम करतात. म्हणजे इथं तिसरी बाटली नको, महागडं मशीन नको, मायक्रोस्कोपला पोलराइज्ड लाइटचे फिल्टर लावायचे आणि बघायचं. ऑक्झलेट दिसलं म्हणजे लगेच घराण्यातलंच असं नाही, व्हिटॅमिन सीचे भरमसाट डोस, आतड्याची ऑपरेशनं यातूनही येतं. पण लहान वयात मुतखडे, दोन्ही किडन्यांत, परत परत, आणि वर बायोप्सीत ऑक्झलेट, एवढं जुळल्यावर ट्रान्सप्लांटची घाई करू नये. २०२० मध्ये परदेशात त्यावर लुमासिरन नावाचं इंजेक्शन मंजूर झालंय, आणि काही पेशंटना बी-सिक्स व्हिटॅमिननं पण फरक पडतो, पण आधी नाव तर कळू दे.

फॅब्री म्हणून आणखी एक आहे. त्यात पेशींत चरबीचा एक प्रकार साठतो. आमच्या प्रोसेसिंगच्या केमिकलमध्ये ती चरबी विरघळून जाते आणि फिल्टरच्या पेशी फेसाळ, रिकाम्या-रिकाम्या दिसतात. नवीन माणसाला वाटेल आमचंच प्रोसेसिंग बिघडलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याच पेशीत पट्टेरी गोळे दिसतात, झेब्रा बॉडीज म्हणतात. लहानपणापासून हातापायांची आग, घाम न येणं, कमरेभोवती बारीक लालसर-जांभळे ठिपके, असं कोणी सांगितलं तर डॉक्टरांनी पुढं जावं. याचं औषध फार महाग आहे पण २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात फॅब्रीचं नाव आहे आणि मुंबईचं केईएम त्या केंद्रांपैकी एक आहे, म्हणजे वाट आहे.

काही आजारांत बायोप्सी जवळपास मुकी असते तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी बायोप्सीची जाहिरात करतोय असं वाटेल. यूएमओडी आणि एमयूसी१ या जीन्सचे आजार आहेत, त्यात लघवी साफ, सोनोग्राफीत विशेष नाही, किडनी हळूहळू आटत जाते, तरुण वयात गाऊट होतो, आणि बायोप्सीत नुसती नळ्यांची झीज आणि फायब्रोसिस. रिपोर्ट 'क्रॉनिक इंटरस्टिशियल नेफ्रायटिस', मग दोष पेनकिलरला नाहीतर फवारणीच्या औषधाला. आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना फवारणीचं लगेच पटतं कारण हातात पंप असतोच. तेही कारण असू शकतं, मी नाही म्हणत नाही, पण बाप आणि दोन मुलं एकाच वाटेनं डायलिसिसला गेली तर जीनचाही विचार करा.

मग सरळ जीन टेस्टच का नाही करायची, बायोप्सी कशाला? हा प्रश्न मला आमच्याच लॅबमध्ये विचारला गेला. बरोबर आहे, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त, सुई पाठीत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये तीन हजारांवर किडनी पेशंटचं एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन्सच्या कामाच्या भागाचं वाचन, करून पाहिलं तर जवळपास ९ टक्के लोकांमध्ये जीनमधलं कारण सापडलं, आणि ज्यांच्या आजाराचं कारण माहीतच नव्हतं त्यांच्यात १७ टक्के. कमी नाहीये हे. पण टेस्टचा रिपोर्ट पण साधा नसतो, 'अर्थ अनिश्चित' असा बदल सापडला तर काय करायचं, घाबरायचं की सोडायचं? एमयूसी१ मधला नेहमीचा दोष तर साध्या सिक्वेन्सिंगला दिसतच नाही, वेगळी टेस्ट लागते. अशा वेळी बायोप्सीतली टोपली आणि रक्तातला जीन एकमेकांना साक्ष देतात. आणि घरात एकाचं निदान पक्कं झालं की बाकीच्यांचं सोपं होतं, फक्त तोच बदल बघायचा.

नाशिकबद्दल बोलतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आपल्या गावात आणा असं मी म्हणत नाही, ते मशीन घ्यायलाही महाग आणि चालवायलाही, दिल्लीच्या एम्समध्ये आहे, वेल्लोरच्या सीएमसीमध्ये आहे, सॅम्पल कुरिअरनं जातं. माझं म्हणणं आहे की तुकडा तरी धरून ठेवा. ग्लुटराल्डिहाइडची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की संपलं. दोन दिवसांनी पहिला रिपोर्ट आल्यावर ठरवा पाठवायचं की नाही, गरज नसेल तर टाकून द्या, खर्च काय तर एका बाटलीचा. फॉर्मॅलिनमधला किंवा ब्लॉकमधला तुकडा नंतर परत प्रोसेस करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला लावता येतो, पण तेवढा छान नाही येत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, अख्ख्या राज्याचे डॉक्टर इथल्या अभ्यासक्रमावर शिकतात. बायोप्सीच्या फॉर्मवर आजोळ, कान, डोळे आणि नात्यातलं लग्न हे चार प्रश्न सक्तीचे करायला त्यांनी मनावर घेतलं तर फार वेळ लागू नये. आणि सरकारच्या योजनेत डायलिसिस आहे, ट्रान्सप्लांट आहे, मग पंचविशीच्या आतल्या पेशंटच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे आणि जीन टेस्टचे पैसेही त्यातून मिळावेत. एका माणसाच्या वर्षभराच्या डायलिसिसच्या तुलनेत तो खर्च काहीच नाही.

ज्यांच्या घरात तरुण माणसाला किडनीचा त्रास आहे आणि रिपोर्टवर एफएसजीएस किंवा 'कारण माहीत नाही' लिहिलंय त्यांना सांगायचंय, जुना रिपोर्ट फाडू नका. स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडे बरीच वर्षं असतात, अर्ज केला की मिळतात, तुमचाच तुकडा आहे तो, मागायला लाजायचं काय. आई, बहिणी, मावश्या, मावसभाऊ, मामाची मुलं सगळ्यांची साधी लघवी तपासून घ्या, रक्त आणि प्रोटीनसाठी, कोपऱ्यावरच्या लॅबमध्येसुद्धा होते. फक्त बायकांनी पाळीचे दिवस सोडून द्यायची. पेशंटची ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, घरात नीट ऐकू येतंय असं वाटत असलं तरी, कारण आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू यायचे बंद होतात आणि बोलणं ऐकू येत राहतं. डोळ्याच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पवर भिंग बघायला सांगा, चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर नक्कीच. हे सगळं नाशिकमध्ये होतं, मुंबईला जायची गरज नाही. आणि किडनीच्या डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना एका कागदावर आजोळची माणसं लिहून न्या, कोण कशानं गेलं, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाच्या लघवीत कधी रक्त सापडलं होतं, आणि बायोप्सी ठरली तर तिसऱ्या बाटलीचं सुई लावायच्या आधी विचारा, नंतर विचारून तेवढा उपयोग नाही.

आपला,
एक लॅब टेक्निशियन
इंदिरानगर, नाशिक
(नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये ही विनंती)